सुईआधीची झोप

“साहेब, सुई टोचायची का ह्याला?”

ऑपरेशन थिएटरच्या दारात हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो. विचारणाऱ्या आईच्या कडेवर लेकरू असतं. दोन्ही हात तिच्या गळ्यात, तोंड तिच्या पदरात आणि पाठ माझ्याकडे. मी भूलतज्ज्ञ आहे. बीड, अंबाजोगाई, लातूर या पट्ट्यात लहान लेकरांना भूल देण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या आईला मी सांगतो, “जागेपणी नाही टोचणार, माय. आधी झोपवू, मग टोचू.” तिला जरा धीर येतो, लेकरू सिस्टरच्या हातात जातं आणि दार लागतं.

दारामागं पुढच्या चार-पाच मिनिटांत काय घडतं हे सांगायला तेव्हा सवड नसते. म्हणून इथं सविस्तर लिहितो. त्या चार-पाच मिनिटांची सुरक्षितता जेवढी आमच्या यंत्रांवर अवलंबून असते, तेवढीच घरच्यांनी आदल्या रात्रीपासून काय केलं आणि आम्हाला काय सांगितलं यावरही असते, हे मला अनुभवानं पटलेलं आहे.

मोठ्या माणसाला भूल देताना आधी हाताच्या शिरेत सलाईनची सुई बसवतात. त्यातून औषध सोडलं की अर्ध्या मिनिटात डोळे मिटतात. तीन वर्षांच्या लेकराचा हात गुबगुबीत असतो, शीर बोटाला लागत नाही आणि घाबरल्यावर ती आणखी आकसते. चार जणांनी धरायचं, दोन-तीनदा टोचायचं आणि मग भूल द्यायची, असं एकदा झालं की ते लेकरू पुढं लसीच्या नावानंही थरथर कापतं. म्हणून आम्ही क्रम उलटा करतो. श्वासातून भूल देतो आणि लेकरू झोपल्यावर सुई बसवतो.

लोक याला ‘गॅसची भूल’ म्हणतात. वयस्कर माणसं अजून ‘क्लोरोफॉर्म दिला’ असंच म्हणतात. प्रत्यक्षात आज लेकरांसाठी जे औषध वापरतो ते बाटलीत पाण्यासारखं पातळ येतं. त्याचं नाव सेव्होफ्लुरेन. भूलयंत्रावर पिवळ्या खुणेचं एक व्हेपोरायझर असतं, त्यात ते ओततात. ऑक्सिजन त्यातून जाताना त्या द्रवाची वाफ सोबत घेतो आणि नळीतून मास्कमध्ये येतो. चकती फिरवून वाफेचं प्रमाण ठरवायचं, जास्तीत जास्त आठ टक्के. बऱ्याचदा सोबत नायट्रस ऑक्साईड हा दुसरा वायूही देतात. त्याला फारसा वास नसतो. त्यानं आधी थोडी गुंगी येते आणि सेव्होफ्लुरेन फुप्फुसात लवकर भरायला मदत होते.

मग हेच औषध का? भूल देणारे वायू बरेच आहेत, पण त्यांतले काही इतके उग्र असतात की जागेपणी हुंगले तर खोकल्याची उबळ येते आणि श्वास कोंडतो. आयसोफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन त्यांतले. झोपलेल्या माणसाची भूल टिकवायला ते चालतात, जाग्या लेकराला झोपवायला चालत नाहीत. सेव्होफ्लुरेनचा वास सौम्य, किंचित गोडसर असतो आणि ते घशाला झोंबत नाही. दुसरं म्हणजे ते झटपट काम करतं.

ही झटपट कशी होते, ते आपल्याकडच्या पावसावरून समजेल. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानावर पहिला पाऊस पडला तर किती तरी वेळ पाणी वाहतच नाही, सगळं माती पिऊन टाकते. तोच पाऊस मुरमाड माळावर पडला की पाच मिनिटांत ओढ्याला पाणी येतं. ही माती म्हणजे आपलं रक्त आणि ओढा म्हणजे मेंदू. जे औषध रक्त भरपूर पिऊन घेतं, त्याचा जोर मेंदूपर्यंत उशिरा पोचतो. जे रक्तात फारसं विरघळत नाही, त्याचा जोर लगेच जाणवतो. हॅलोथेन या भुलेच्या जुन्या औषधाच्या बाबतीत रक्त काळ्या मातीसारखं वागायचं: फुप्फुसातल्या हवेत जेवढं औषध, त्याच्या सुमारे अडीच पट रक्तात मुरायचं. सेव्होफ्लुरेन हवेतल्या प्रमाणाच्या पाऊण पटही मुरत नाही. उतरतानाही हाच हिशेब लागू होतो, म्हणून ते लवकर उतरतं.

लेकराचं शरीरही या कामी मदत करतं. तान्हं बाळ मिनिटाला तीस-चाळीस वेळा श्वास घेतं, मोठा माणूस बारा ते सोळा वेळा. बाळाच्या फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा थोडी असते, त्यामुळं आतली हवा भराभर बदलते. मेंदूकडे जाणारा रक्ताचा वाटाही मोठा असतो. बापाला झोपायला जेवढा वेळ लागेल त्याच्या कितीतरी आधी लेकरू झोपतं.

हॅलोथेनबद्दल मात्र दोन शब्द आदरानं लिहायलाच हवेत. १९५६ साली ते इंग्लंडात रुग्णांवर वापरायला सुरुवात झाली. त्याच्या आधी ईथर होतं, त्याला पेटण्याचा धोका. हॅलोथेन पेटत नसे, वास गोड, लेकरं ते सहज ओढायची. माझ्यासारख्या कित्येकांनी लेकरांना भूल द्यायला शिकताना पहिल्यांदा हाताळलं ते त्याचंच लाल खुणेचं व्हेपोरायझर. पण त्यानं हृदयाचे ठोके मंदावायचे, ठोक्यांची लय बिघडायची आणि क्वचित कुणाच्या यकृताला गंभीर इजा व्हायची. १९९० साली जपानमध्ये सेव्होफ्लुरेन रुग्णांसाठी आलं आणि हळूहळू जगभर त्यानं हॅलोथेनची जागा घेतली.

या इतिहासाचा एक पदर आपल्या मुलखातला आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना, १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. भूल देताना माणसं दगावायची, तेव्हा आधी हृदय बंद पडतं की श्वास, असा वाद होता. तिथले शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की श्वास आधी थांबतो, म्हणून नाडी धरून बसू नका, श्वासावर नजर ठेवा. सहावे निजाम महबूब अली खान यांनी पैसा दिला, लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि आयोगानं लॉरींची बाजू उचलून धरली. तो निष्कर्ष पुढं चुकीचा ठरला. क्लोरोफॉर्मची भूल उथळ असताना हृदय एकाएकी फडफडून बंद पडू शकतं, हे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवलं. याच हैदराबादेत लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी या जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक. आपल्या शेजारच्या शहरात हे घडलं आणि आपल्याला ते शाळेत कुणी सांगितलं नाही, याची मला खंत वाटते. क्लोरोफॉर्म मागं पडला, पण श्वासावर नजर ठेवण्याची शिकवण लेकरांच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. लेकराचं हृदय सहसा धडधाकट असतं. ते मंदावतं ते बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी पडल्यामुळं.

आता दाराच्या आत जाऊ.

लेकरू समजूतदार असेल तर मास्क मी त्याच्या हातात देतो. “हा फुगा फुगवून दाखव बरं.” नळीच्या टोकाला अर्ध्या लिटरचा एक रबरी फुगा असतो, श्वासाबरोबर तो हलतो. ही साधी जोडणी लिव्हरपूलचे भूलतज्ज्ञ जॅक्सन रीस यांनी १९५० साली सुचवली आणि आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. फुग्याची गंमत आधीच पटली असेल तर तीन-चार फुंकरींत डोळे जड होतात. काही मास्कना स्ट्रॉबेरीचा वास लावलेला असतो. तो नसेल तेव्हा आमची सिस्टर मास्कच्या आतून व्हॅनिला इसेन्सचं बोट फिरवते, तेवढंही पुरतं. फारच घाबरलेल्या लेकराला अर्धा तास आधी मिडॅझोलामचं सिरप पाजलं की ते शांत होतं. काही ठिकाणी आईला आत घेऊन तिच्या मांडीवरच मास्क लावतात. मला ही पद्धत आवडते, पण त्यासाठी आईला पुढचं सगळं आधी समजावून सांगितलेलं असलं पाहिजे.

कारण पुढं जे दिसतं त्यानं कुणाचंही काळीज हलेल. साधारण एका मिनिटात लेकराची पापणी बोट लावलं तरी हलत नाही. ते झोपलं असं वाटतं. आणि तेवढ्यात ते हातपाय झाडायला लागतं, डोळे इकडं-तिकडं किंवा वर फिरतात, घशातून घरघर येते, श्वास कधी जोरात तर कधी थांबून थांबून चालतो. एक माय हे बघून ओरडली होती, “साहेब, काय करायलंय लेकरू, सोडा त्याला!” तिची काही चूक नव्हती. मेंदूतले आवर घालणारे भाग आधी झोपतात, बाकीचे थोडा वेळ बेताल चालतात. हा टप्पा प्रत्येक भुलेत येतो. शिरेतून औषध दिलं तर तो काही सेकंदांत निघून जातो, वायूच्या भुलेत डोळ्यांना दिसेल इतका रेंगाळतो. लेकराला यातलं काही कळत नसतं आणि पुढं आठवतही नाही.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात जपून काढायचा वेळ तो हाच. या टप्प्यात घाईनं सुई टोचली, घशात काही घातलं किंवा लाळेचा थेंब स्वरतंतूंवर पडला, तर ते तंतू गच्च मिटू शकतात. छाती आत ओढली जाते, पोट वर येतं, पण आवाज नाही आणि मास्कवर वाफेचा धूसरपणा नाही. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात ऑक्सिजन भरून ठेवला असेल तर श्वास थांबल्यावरही तो कित्येक मिनिटं तग धरतो. तान्ह्या बाळाला जेमतेम दीड मिनिट मिळतं, कारण वजनाच्या मानानं ते मोठ्यांच्या दुपटीनं ऑक्सिजन वापरतं. अशा वेळी जबडा कानाजवळून पुढं उचलायचा, मास्क घट्ट धरून शंभर टक्के ऑक्सिजनचा दाब द्यायचा आणि तेवढ्यानं भागलं नाही तर भूल खोल करायची किंवा स्नायू सैल करणारं औषध द्यायचं. बहुतेक वेळा जबडा आणि दाब यांवरच तंतू उघडतात. तो पहिला घुरर् असा आवाज कानावर पडला की माझ्याही खांद्यांवरचा भार उतरतो.

म्हणून पापणी थांबल्यावरही मी दोनेक मिनिटं थांबतो. थिएटरमध्ये कुणी बोलायचं नाही, ट्रे आपटायचा नाही, लेकराला हलवायचं नाही. माझी बोटं फुग्यावर असतात आणि प्रत्येक श्वास बोटांना कळतो. हळूहळू डोळे मधोमध स्थिरावतात, छाती आणि पोट एका लयीत हलायला लागतात, मूठ उघडते. मग मी मान डोलावतो. सिस्टर लेकराचा हात धरते आणि पिवळी किंवा निळी बारीक सुई शिरेत बसते. त्या क्षणापासून माझ्या हातात शीर आहे, कोणतंही औषध लगेच देता येतं.

या शांत टप्प्यात लेकरू स्वतःच श्वास घेत असतं. एरवी ही बाब किरकोळ वाटेल, पण एका प्रसंगी तीच जीव वाचवते. आमच्या बालाघाटच्या डोंगरात सीताफळाचा हंगाम आला की घरोघरी टोपल्या भरतात. खाता खाता हसलं-रडलं की एखादी बी श्वासनलिकेत जाते. शेंगदाणा तर बारा महिने जातो. अशा लेकराला स्नायू सैल करून श्वास बंद पाडला आणि बी मध्येच आडवी झाली तर हवा कुठून द्यायची? म्हणून बरेच भूलतज्ज्ञ ऑक्सिजन आणि सेव्होफ्लुरेनवर त्याला झोपवतात, श्वास त्याचा त्यालाच घेऊ देतात आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बीण घालून बी काढतात. नायट्रस यात देत नाहीत, अडकलेल्या हवेत शिरून तो फुप्फुस फुगवतो. जबडा किंवा मान जन्मतः वेगळी असलेल्या लेकरांनाही हीच पद्धत बरी पडते.

ही भूल सगळ्यांसाठी नाही. पोट भरलेलं असेल, अपघात असेल, आतड्याला पीळ असेल तर वायूच्या रेंगाळणाऱ्या भुलेत उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो, तिथं शिरेतूनच झटपट भूल द्यावी लागते. आणि काही घराण्यांत स्नायूंचा असा दोष असतो की या वायूंनी अंग ताठरतं, ताप भडकतो, वेळेवर डँट्रोलिन हे औषध मिळालं नाही तर जीव जातो. हे फार विरळ आहे. तरीही म्हणून मी विचारतो, “नात्यात कुणी भूल दिल्यावर दगावलं होतं का? लेकरू उशिरा चालायला लागलं का? जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकून उठतं का?” शेवटचे दोन प्रश्न ऐकून लोकांना नवल वाटतं. मुलग्यांमधल्या एका स्नायूंच्या आजाराची ती खूण आहे आणि त्या आजारात हे वायू टाळतात.

आता उपाशीपोटाचं. आम्ही सांगतो तो हिशेब असा: साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, वरचं दूध, बिस्कीट, पोळी सहा तास, तळलेलं किंवा मटण आठ तास. चहात दूध असतं, म्हणून तो दुधात मोजायचा. जालन्याची मोसंबी कितीही गुणाची असली तरी गर असलेला रस पाण्यात मोजत नाहीत. कुठं किती वेळ पाळायचा ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तेच धरा.

इथं दोन्ही बाजूंनी चूक होते. एक आजी होती, नातवाला पहाटे चहात बुडवून बिस्कीट चारलं आणि विचारल्यावर नाही म्हणाली. चेहऱ्यावरून मला शंका आली, मी शेजारी बसलो, तेव्हा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “उपाशी लेकरू बघवलं नाही हो.” तिची माया खोटी नव्हती. ऑपरेशन सहा तास पुढं ढकललं, बस. कुणी तिला बोललं नाही, बोलूही नये. रागावलो तर पुढची आजी आणखी लपवेल. दुसरी चूक उलटी. दुपारच्या ऑपरेशनसाठी लेकराला रात्रीपासून पाण्याचा थेंब देत नाहीत. मे महिन्यात, बेचाळीस अंशांच्या उन्हात, एसटीनं दोन तास प्रवास करून ते आमच्यापर्यंत येतं तेव्हा ओठ सुकलेले, शिरा बसलेल्या आणि रडून आवाज गेलेला असतो. दोन तास आधीपर्यंत पाणी पाजा, साखरपाणी पाजा. ते आम्हालाच हवं असतं.

आणि सर्दी. वाहतं नाक ही आपल्याकडं आजारात धरत नाहीत. पण सर्दीनंतर काही आठवडे श्वासनलिका हुळहुळी राहते आणि स्वरतंतू मिटण्याची शक्यता बरीच वाढते. घरात चुलीचा किंवा बिडीचा धूर असेल तर आणखी. पाण्यासारखं नाक, ताप नाही, खेळतंय, अशा लेकराला कधी कधी घेता येतं. घट्ट पिवळा शेंबूड, ताप, छातीत घरघर असेल तर तातडीचं नसलेलं ऑपरेशन मी थांबवतो.

एकदा दसऱ्याच्या सुमाराला चार वर्षांचा एक मुलगा हर्नियासाठी आला. आई-बाप ऊसतोडीचे, मुकादमाची उचल घेतलेली, चार दिवसांत गाडी निघणार. मुलाला ताप आणि छातीत घरघर. बाप म्हणाला, “आता नाही झालं तर पट्टा पडेपर्यंत नाही, साहेब.” पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. मला त्याची अडचण कळत होती. तरी मी नाही म्हणालो. गाठ कडक झाली, आत जाईना, लेकरू ओकायला लागलं तर जिथं असाल तिथल्या दवाखान्यात त्याच घटकेला जा, हे दोघांना तीनदा सांगितलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. तो हिवाळा ती चिठ्ठी माझ्याही डोक्यात होती.

जागं होतानाची एक गोष्ट राहिली. सेव्होफ्लुरेननंतर दोन ते पाच वर्षांची बरीच लेकरं वेगळीच जागी होतात. किंचाळतात, आईलाही ओळखत नाहीत, सलाईन उपसतात. घरच्यांना वाटतं डोक्यात काही झालं, कुणी बाहेरची बाधा म्हणतं. मेंदूचे भाग एका वेळी जागे न झाल्यानं असं होत असावं. आधी दुखत नाही ना ते बघायचं, मग लेकराला आईच्या कुशीत देऊन उजेड-आवाज कमी करायचा. बहुतेकांचं अर्ध्या तासात निवळतं. ऑपरेशनच्या शेवटी शिरेतून थोडं औषध देऊन ते टाळायचाही आम्ही प्रयत्न करतो.

“भुलेनं डोकं मंद होतं का?” हाही प्रश्न येतोच. सात देशांत ७२२ तान्ह्या बाळांचा अभ्यास झाला. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी काहींना सेव्होफ्लुरेन, काहींना जागेपणी कमरेत इंजेक्शन देऊन बधिर केलेलं. पाच वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांची बुद्धी सारखी भरली, हे २०१९ साली प्रसिद्ध झालं. तिथं भूल साधारण तासाभराचीच होती. तीन वर्षांखालच्या लेकरांना तीन तासांपेक्षा लांब किंवा पुन्हा पुन्हा भूल लागणार असेल तर विचार करून ठरवावं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ साली दिला आहे. एका साध्या, गरजेच्या ऑपरेशनसाठी घाबरून थांबू नये, असं मी आई-बापांना सांगतो.

तो ऊसतोडीचा मुलगा गुढीपाडव्यानंतर आला. उन्हानं रापलेला, केसांत अजून उसाच्या फडाची धूळ. मी दारात गेलो आणि तोंड उघडायच्या आत त्याची आई म्हणाली, “नाक कोरडं हाय, साहेब. खोकला महिन्यापासून नाही. काल रात्री आठला भाकरी खाल्ली, आज पहाटं सहाला पाणी पाजलं, त्याच्यामागं काही नाही.”

मी घड्याळ बघितलं. साडेआठ झाले होते.

“आन् फुग्याचं मी सांगितलंय त्याला,” ती म्हणाली.